पिरान्हा : नाव, कीर्ती आणि काचेच्या टाकीतील आहार

काही प्राणी माणसाच्या घरात प्रवेश करण्यापूर्वीच त्यांचे नाव तेथे येऊन पोहोचलेले असते. दक्षिण अमेरिकेतील नद्यांतून राहणारा पिरान्हा हा मासा त्यांपैकी एक होय. ज्याने हा मासा कधी पाहिलेला नाही त्यालाही तो माहीत असतो. पाण्यात पडलेल्या जनावराचा काही क्षणांत सांगाडा करणारा मासा, एवढी त्याची व्याख्या लोकांच्या मनात पक्की झालेली असते. युरोप-अमेरिकेतील हौशी लोक गेली अनेक दशके हा मासा घरगुती मत्स्यालयात पाळीत आले आहेत, आणि त्याला काय खाऊ घालावे ह्याचा निर्णय पुष्कळदा माशाकडे पाहून नव्हे, तर त्याच्या नावाकडे पाहून झालेला आढळतो. म्हणून ह्या माशाच्या पालनाचा विचार करताना आरंभ नावापासूनच करणे सोयीचे ठरते.

हा शब्द पोर्तुगीज भाषेतून जगभर गेला. पण तो मूळचा पोर्तुगीज नव्हे. ब्राझीलच्या किनारपट्टीवर बोलल्या जाणाऱ्या तुपी भाषेत ‘पिरा’ म्हणजे मासा. हाच घटक त्या प्रदेशातील अनेक मत्स्यनामांत दिसून येतो. उदाहरणार्थ, अ‍ॅमेझॉनमधील ‘पिरारुकू’ ह्या प्रचंड माशाच्या नावात ‘पिरा’ला ‘उरुकू’ हा शब्द जोडलेला आहे. उरुकू म्हणजे ज्याच्या बियांपासून तांबडा रंग निघतो आणि ज्याला मराठीत शेंद्री म्हणतात, ते झाड. शेंद्रीसारखा तांबडा मासा, असा त्याचा सरळ अर्थ. ‘पिरान्हा’ ह्या शब्दाचा उत्तरार्ध बहुतेक कोशकार ‘दात’ ह्या अर्थाच्या तुपी शब्दाशी जोडतात. तेव्हा ‘दातांचा मासा’ एवढेच ह्या नावात सांगितलेले आहे. क्रौर्य, भूक, रक्त ह्यांपैकी काहीही त्यात नाही. आजच्या ब्राझीलमध्ये स्त्रिया केस बांधण्यासाठी जो दातेरी चिमटा वापरतात त्यालाही ‘पिरान्हा’च म्हणतात, हे ह्या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दात आहेत, संहार नाही.

उच्चाराच्या बाबतीत मराठी वाचकाची थोडी गंमत झाली आहे. पोर्तुगीज लेखनात ‘एन्’ आणि ‘एच्’ ही दोन अक्षरे एकत्र आली म्हणजे त्यांचा उच्चार तालव्य अनुनासिकाचा, म्हणजे आपल्या ‘ञ’चा होतो. मूळ उच्चार ‘पिराञा’ असा काहीसा आहे. इंग्रजांनी त्याचा ‘पिराना’ केला. मराठीने मात्र इंग्रजी उच्चार न घेता रोमन अक्षरे घेतली, आणि न्हावी, न्हाणे, कान्हा अशा शब्दांमुळे आपल्या जिभेस परिचित असलेला महाप्राण ‘न्ह’ त्या जागी बसवला. ह्यात नवे काही नाही. गोव्याकडील नोरोन्हा, कुन्हा ही आडनावे ह्याच रीतीने मराठीत आली आहेत. त्यांतील ‘न्ह’ही मूळ पोर्तुगीज उच्चारात ‘ञ’च आहे. ‘ञ’ हे अक्षर ज्या वर्णमालेत पिढ्यान्‌पिढ्या घोकले जाते, तिनेच प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा ते वापरले नाही, हा एक विनोदच म्हणावा लागेल. तरीही रूढ झालेले ‘पिरान्हा’ हे रूप बदलण्याचे कारण नाही.

छापील ग्रंथात हे नाव बरेच जुने आहे. ब्राझीलमधील डच वसाहतीत राहून तेथील वनस्पती व प्राणी ह्यांचे वर्णन करणाऱ्या गेओर्ग मार्कग्राफ ह्याच्या, १६४८ साली प्रसिद्ध झालेल्या लॅटिन ग्रंथात ‘पिराया’ व ‘पिरान्हा’ ही दोन्ही रूपे येतात. आज शास्त्रज्ञ ज्या पायगोसेंट्रस वंशाला खरे पिरान्हा समजतात त्यात तीन जाती मानल्या जातात, आणि त्यांची नावे तीन निरनिराळ्या दिशांनी आलेली आहेत. साओ फ्रान्सिस्को नदीतील जातीस ‘पिराया’ हे तुपी नावच राहिले. ओरिनोकोच्या खोऱ्यातील जातीस ‘कारिबा’ म्हणतात. तेथील स्पॅनिश भाषक ह्या माशास ‘कारिबे’ म्हणत, आणि हे मुळात तेथील एका मानवी जमातीचे नाव. नरमांसभक्षकाला इंग्रजीत जो ‘कॅनिबल’ हा शब्द आहे तोही ह्याच जमातीच्या नावाचा अपभ्रंश होय. म्हणजे परकीयांनी एका जमातीवर जो आरोप लादला, तोच त्या जमातीच्या नावाबरोबर माशाकडे गेला. तिसरी जात अ‍ॅमेझॉन, पाराग्वाय-पाराना इत्यादी नद्यांतून राहणारी लाल पोटाची. तिचे वर्णन रूडॉल्फ क्नेर ह्याने १८५८ साली केले व ब्राझीलमध्ये अठरा वर्षे नमुने गोळा करणाऱ्या योहान नाटेरर ह्याच्यावरून तिला ‘नाटेररी’ हे नाव दिले. घरगुती टाकीत येतो तो बहुधा हाच लाल पोटाचा पिरान्हा, आणि पुढील विवेचनही मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

ह्या माशाच्या आजच्या कीर्तीचा मोठा वाटा एका पुस्तकाकडे जातो. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९१३-१४ साली ब्राझीलच्या अरण्यात मोहिमेवर गेले, आणि १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्यांनी पिरान्हाला जगातील सर्वांत हिंस्र मासा ठरवले. त्यानंतर ही प्रतिमा वाढतच गेली. १९७८ साली तर ह्याच नावाचा भीतिपट निघाला. रूझवेल्ट ह्यांनी पाहिले ते सर्वच खोटे होते असे नव्हे. आटत चाललेल्या डबक्यात कोंडले गेलेले, उपाशी, दाटीने राहणारे पिरान्हे पाण्यात पडलेल्या मांसावर तुटून पडतात, हे खरे आहे. प्रश्न एवढाच की, ही त्या माशाची नित्याची राहणी आहे की विपत्काल आहे.

इव्हान साझिमा व त्यांचे सहकारी ह्यांनी पश्चिम ब्राझीलमधील पांतानाल ह्या पाणथळ प्रदेशात स्वतः पाण्याखाली राहून पिरान्ह्यांचे निरीक्षण केले व ते १९९० साली प्रसिद्ध केले. त्यातून दिसलेला मासा कीर्तीशी फारसा जुळत नाही. तो दबा धरतो, पाठलाग करतो, मेलेल्या प्राण्यावर जगतो, तळाशी चाचपडतो; आणि विशेष म्हणजे, इतर माशांना न मारता त्यांच्या परांचे व खवल्यांचे तुकडे तोडून खातो. ही अन्नपद्धती विचार करण्याजोगी आहे. तोडलेला पर पुन्हा वाढतो, खवले पुन्हा येतात. ज्याला एकदा खाल्ले तो मासा पुढेही उपयोगी पडतो. ह्याशिवाय किडे, कोळंबीसारखे कवचधारी प्राणी, गोगलगाई, आणि काही प्रमाणात बिया व वनस्पतीही त्याच्या आहारात येतात. लहान पिले दिवसा चरतात, मोठे मासे मुख्यतः पहाटे व संध्याकाळी. माणसाला चावल्याच्या ज्या घटनांचा वैद्यकीय अभ्यास ब्राझीलमध्ये झाला त्यांतही बहुधा एकच चावा आढळतो. धरणांमुळे संथ झालेल्या पाण्यात आपल्या घरट्याजवळ आलेल्या पायाला माशाने हुसकावून लावलेले असते. त्या घटनांतील मासाही लाल पोटाचा नसून त्याच्या कुळातील दुसरा होता.

मग पिरान्हे थव्याने का राहतात? शिकारीसाठी, हे प्रचलित उत्तर. अ‍ॅन मगुरन व हेल्दर केइरोझ ह्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन-दोन व आठ-आठ माशांचे गट वेगळे ठेवून त्यांच्या कल्ल्यांच्या हालचालीवरून श्वसनाचा वेग मोजला. दोघांच्या गटातील मासे आठांच्या गटातील माशांपेक्षा स्वस्थ असतानाही जलद श्वास घेत. आणि शिकारी प्राण्याचा भास निर्माण करून त्यांना घाबरवले असता मोठा गट लवकर शांत होई. म्हणजे हा थवा लुटारूंची टोळी नसून भित्र्यांचा जमाव आहे. सुसरीच्या जातीचे केमन, नदीतील डॉल्फिन, पाणकावळे, मोठे मासे ह्या सर्वांचे पिरान्हा हे भक्ष्य आहे, हे कथा सांगणारे विसरतात.

आता काचेच्या टाकीकडे वळता येईल. ज्याने हे सारे वाचलेले नाही असा हौशी पालक काय करतो? तो उघड्या, लख्ख उजेडाच्या टाकीत एखाददुसरा मासा ठेवतो, त्याला चार-आठ दिवस उपाशी ठेवतो, आणि पाहुणे जमले म्हणजे त्यांच्यासमोर टाकीत जिवंत गोल्डफिश सोडतो. बहुतेक वेळा पाहुण्यांची निराशा होते. टाकीजवळ माणसांची सावली पडताच पिरान्हा मागील कोपऱ्यात जाऊन थरथरत राहतो, आणि रात्री दिवे मालवल्यावर गोल्डफिशची शेपटी नाहीशी झालेली असते. पालक त्याला भेकड ठरवतो. वस्तुतः मासा आपल्या स्वभावानुसार वागलेला असतो. चूक झालेली असते ती नावाच्या अर्थात.

जिवंत गोल्डफिश देण्याच्या प्रथेचा दोष केवळ तिच्या क्रूरतेत नाही. पहिली गोष्ट, बाजारात अशा माशांची दाटीवाटीने साठवण होते व त्यांच्याबरोबर परजीवी व रोग टाकीत येतात. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. गोल्डफिश व त्याच्या कुळातील अनेक माशांच्या शरीरात थायामिनेज नावाचे विकर असते. ते ‘ब१’ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायामिनाचा, नाश करते. पोट भरलेले असते, मासा पुष्टही दिसतो, पण हेच अन्न महिनोन्‌महिने मिळत राहिले तर ह्या जीवनसत्त्वाच्या अभावामुळे त्याची मज्जासंस्था बिघडते. काही पालक गाई-बैलांचे काळीज किंवा कोंबडीचे मांस देतात. उष्ण रक्ताच्या प्राण्यांची चरबी ह्या माशाला नीट पचवता येत नाही. शिवाय ती पाण्यावर तवंग धरते. क्वचित दिल्यास अपाय नाही, परंतु नेहमीचे अन्न म्हणून ती देऊ नये.

नेहमीचा आहार साधा असावा. सालीसकट कोळंबी, खाऱ्या पाण्यातील माशांचे तुकडे, चिलापीसारख्या माशाचे मांस, स्वच्छ जागेतील गांडुळे, आणि ह्यांच्या जोडीला मांसाहारी माशांसाठी तयार मिळणाऱ्या दाणेदार खाद्याची लहानपणापासून लावलेली सवय, एवढ्यावर पिरान्हा उत्तम राहतो. कोळंबीची साल काढून टाकण्याचे कारण नाही. उलट तिच्यामुळे दातांना काम मिळते. काही मासे उकडलेले वाटाणेही खातात. कोणतेही एकच अन्न सदैव देऊ नये, हा नियम महत्त्वाचा. पिलांना दिवसातून दोनदा खाणे हवे, कारण भुकेलेली पिले एकमेकांचे पर व डोळे तोडतात. पूर्ण वाढलेल्या माशाला दोन-तीन दिवसांतून एकदा पुरते. अन्न संध्याकाळी, दिवे मंद झाल्यावर द्यावे, आणि दहा-पंधरा मिनिटांत जे उरेल ते चिमट्याने काढून घ्यावे. हात घालू नये, हे सांगावयास नकोच. तरी येथेही भय पाण्यातील हल्ल्याचे नसून, जाळ्यात धरलेल्या घाबऱ्या माशाचे असते. त्याचे दात जाळी सहज कापतात, म्हणून त्याला हलवताना कडक भांडे वापरणे बरे.

उरलेले अन्न काढून घेण्याचा आग्रह का, हे थोडे स्पष्ट करावयास हवे. पिरान्हा घास गिळत नाही, तो कातरतो. आणि कातरताना चुरा सांडतो. हा चुरा व माशाची विष्ठा कुजून अमोनिया तयार होतो, जो कल्ल्यांना विषारी आहे. टाकीच्या गाळणीत वाढणारे सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण तेही साठत जाते व पाणी बदलूनच कमी करावे लागते. हे जंतू नव्या टाकीत आपोआप नसतात. त्यांची वाढ होण्यास कित्येक आठवडे लागतात. ज्या दिवशी टाकी आणली त्याच दिवशी मासे सोडून त्यांना भरपूर मांस देणारा पालक त्यांना विषात ठेवीत असतो, मग पाणी कितीही स्वच्छ दिसो. पाणी मऊ, किंचित आम्ल ते उदासीन, २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाचे असावे. मासा २५ ते ३० सेंटीमीटर वाढतो आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. पाच-सहा माशांच्या गटाला पाचशे लिटरहून कमी पाणी अपुरेच. दडण्यास लाकडाचे ओंडके, उंच वनस्पती व अंधारे कोपरे हवेत.

दातांविषयी दोन शब्द सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही, कारण नाव त्यांच्यावरूनच पडले. प्रत्येक जबड्यात त्रिकोणी दातांची एकच ओळ असते व शेजारचे दात एकमेकांत अडकलेले असतात. त्यामुळे संपूर्ण ओळ एका करवतीसारखी चालते. हे दात झिजले म्हणजे एकेक करून पडत नाहीत. जबड्याच्या एका बाजूची सगळी ओळ एकदमच गळते आणि खाली तयार असलेली नवी ओळ तिची जागा घेते. अशा वेळी मासा एक-दोन दिवस खात नसेल तर घाबरून जाऊन औषधे टाकण्याचे कारण नाही.

ह्या माशाला आवाजही आहे, आणि त्याचा संबंध अन्नाशी येतो. पाण्याबाहेर काढलेला पिरान्हा भुंकल्यासारखा आवाज करतो, हे कोळ्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. बेल्जममधील लिएज विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसमवेत टाकीत ध्वनिग्राहक बसवून पाण्यातील आवाज टिपले व ते निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध केले. त्यांत तीन प्रकार स्पष्ट झाले. दोन मासे समोरासमोर येऊन नुसतेच एकमेकांकडे रोखून पाहतात, तेव्हा सेकंदाच्या सुमारे सातव्या हिश्शाएवढा, दर सेकंदास सुमारे १२० कंपनांचा आवाज निघतो. अन्नावरून भांडताना व एकमेकांभोवती फिरताना सुमारे ४० कंपनांचा, ढोलावर थाप मारल्यासारखा खर्ज आवाज होतो. हे दोन्ही आवाज वाताशयाला जोडलेल्या स्नायूंच्या जलद आकुंचनाने निर्माण होतात. तिसरा आवाज प्रत्यक्ष पाठलागाचा. तो वाताशयाचा नसून दात कटकन मिटल्याचा, अत्यंत आखूड आणि उंच स्वराचा.

ह्याला भाषा म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ह्या संकेतांत रचना नाही, त्यांची नवी जुळणी होत नाही. परंतु भांडण चाव्यापर्यंत जाण्यापूर्वी त्याला पायऱ्या असतात व त्या पायऱ्यांना वेगवेगळे ध्वनी असतात, एवढे निश्चित. काचेबाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्यांपैकी काहीच ऐकू येत नाही. टाकी लहान असेल, मासे तीनच असतील, किंवा अन्न एकाच कोपऱ्यात पडत असेल, तर इशारा मिळूनही दुबळ्या माशाला मागे सरकण्यास जागा उरत नाही. मग परांचे तुकडे पडतात आणि पालक म्हणतो की मासा जात्याच खुनशी आहे. अन्न टाकीभर विखरून टाकणे व गट पाच-सहांहून लहान न ठेवणे हे दोन उपाय त्यावर बरेच गुणकारी ठरतात.

शेवटी, मराठी वाचकाला ज्याची प्रत्यक्ष गाठ पडण्याचा संभव अधिक, त्या माशाविषयी. पिरान्ह्याच्याच कुळात पाकू नावाचे मासे आहेत. त्यांपैकी लाल पोटाच्या पाकूची पैदास ह्या शतकाच्या आरंभी बांगलादेशमार्गे पश्चिम बंगालमध्ये आली व तेथून देशात पसरली. तो ‘रूपचंद’ ह्या नावाने महाराष्ट्राच्या बाजारातही विकला जातो. हे नाव बंगालीतील ‘रूपचाँदा’चे रूपांतर होय, आणि बंगालीत ते आपल्या पापलेटचे नाव आहे; चपट्या, रुपेरी अंगाच्या साम्यावरून ते गोड्या पाण्यातील ह्या परक्या माशाला चिकटले. अशा रीतीने एकच मासा मासळीबाजारात पापलेटच्या नावावर आणि शोभेच्या माशांच्या दुकानात, पिले लहान असताना, पिरान्ह्याच्या नावावर खपतो. पहिल्या नावाने गिऱ्हाइकाचे थोडे पैसे जास्त जातात, एवढेच. दुसऱ्या नावाचा परिणाम माशाला भोगावा लागतो. पाकू हा पूरग्रस्त अरण्यातील फळे व बिया खाणारा मासा. पिरान्हा समजून त्याला नुसत्या मांसावर ठेवले तर त्याचे पोषण बिघडते, आणि अर्ध्या मीटरहून मोठा झाला म्हणजे तो कोणत्याही घरगुती टाकीत मावत नाही.

तेव्हा मालक त्याला जवळच्या तलावात किंवा नदीत सोडून देतो. हे सर्वथा गैर आहे. परका मासा स्थानिक माशांचे अन्न व जागा हिरावतो, आणि एकदा पसरल्यावर त्याला परत गोळा करता येत नाही. ह्याच भीतीने अमेरिकेतील कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लॉरिडा इत्यादी राज्यांत पिरान्हा बाळगण्यास मनाई आहे, आणि परदेशी शोभिवंत मासे भारतात आणण्यास केंद्र शासनाची परवानगी लागते. दुकानातील पिलू पाकू आहे की पिरान्हा, हे पाटीवरील नावावरून ठरवू नये. खालचा जबडा पुढे आलेला आणि दात टोकदार त्रिकोणी असतील तर तो पिरान्हा. जबडा मागे आणि दात माणसाच्या दाढांसारखे चौकोनी, बोथट असतील, तर तो पाकू.